नऊचं वळण

"सदतीसची जोडी एकतीस कशी? फरक दोनचाच हवा!" स्वयंपाकघरातल्या फळ्याकडे बघत शालनताई खेकसल्या.

शालनताई आणि मालन जुळ्या बहिणी, दोघीही निवृत्त गणितशिक्षिका. रोज चहाच्या वेळी एकीने फळ्यावर मोठी मूळ संख्या लिहायची, दुसरीने दोनच्या फरकाने येणारी तिची जोडमूळ शोधायची. मालनला दवाखान्यात हलवलं त्या सकाळी शालनताईंनी १०,००,०३७ लिहिली होती. मालन परतलीच नाही.

दिवसकार्य भाच्याकडे झालं. तोवर इथे कुलूप होतं, किल्ली शालनताईंच्याच कमरेला. तरी त्या संख्येखाली आता खडूने लिहिलेलं होतं, १०,००,०३१. धड मूळही नव्हे! कुणाचा हा चावटपणा?

पुसायला त्यांनी डस्टर उचललं आणि हात जागीच थबकला. एकतीस नव्हतंच ते. एकोणचाळीस होतं, अगदी बरोबर उत्तर. शाळेपासून मालनचा नऊ एकासारखा दिसायचा. जन्मभर तिने त्यावरून बोलणी खाल्ली होती.

दोन कप चहाचं आधण ठेवायला शालनताई ओट्याकडे वळल्या, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "नऊला नीट वळण दे गं!"

पाठीमागे फळ्यावर खडू करकरला.