चुलीवरची घंटी

बाबूलालनं खोका उघडला आणि आतून फक्त एक घंटी निघाली.

सुमती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. लाकडी पट्टीवर दोन वाट्या पालथ्या, मध्ये एक छोटी हातोडी. बस. तिनं वाकून खोक्यात पाहिलं. आत नुसतं गवत.

"बाबूभाऊ, बोलाचा डबा कुठी आहे?"

"बोलाचा नाही जी, बाई. हे जोडघंटी. पुढं फोन वाजला की मागं हे वाजते." टेलिफोनवाल्या बाबूलालनं खिशातला कागद काढला. "फारमवर दोन होते. दुसरा फोन, नाहीतर घंटी. मोठ्या भाऊनं घंटीवर खूण केली."

मोठे भाऊ म्हणजे बाबनराव, सुमतीचे भासरे. नवऱ्याचे थोरले भाऊ. तांडापेठेतलं घर लांबच लांब. पुढं रस्त्यावर बैठक, तिथं फोन. मग हातमागांची जुनी खोली, आता तिच्यात लुगड्यांचे गठ्ठे. मग अंगण, विहीर, ओसरी आणि अगदी शेवटी स्वयंपाकघर. पुढं फोन वाजून वाजून थकला तरी मागं चिडीचूप. गेल्या गुरुवारी तिच्या नवऱ्यानं, केशवनं, भिलाईहून ट्रंककॉल लावला, तेव्हा सगळे मागं जेवत होते. कोणी उचललाच नाही.

काल त्याचं पत्र आलं. कारखान्याचं क्वार्टर मिळतंय, दोन खोल्यांचं. हो की नाही ते शनिवारपर्यंत सांगायचं, नाहीतर दुसऱ्याला जाईल. 'गुरुवारी बारा वाजता फोन लावतो. तू सोता बोल. तू हो म्हणशील तरच घेतो.'

आज गुरुवार. साडेअकरा झाले होते.

"पाहा ना, जाऊबाई," सुमती म्हणाली, "मले वाटलं आज मागं फोन लागते."

वच्छला कणीक मळत होती. "मलेही वाटलं. विचारलं ना मी त्यायले. म्हणाले, दोन फोन झाले का पुढं मी व्यापाऱ्याशी बोलन अन् मागं अख्खं घर कान लावून बसन. घरभर आवाज पोचला म्हणजे झालं. बोलाले मी आहो ना."

"मंग मी कशी बोलू?"

"निरोप दे वं. ते सांगतीन."

"निरोपानं सांगाची गोष्ट आहे का हे?"

वच्छलानं कणकेवर मूठ हाणली.

लग्नाला चार वर्षं झाली होती. भासऱ्यांसमोर सुमती एकदाही गेली नव्हती, एक शब्द बोलली नव्हती. या घरातली धाकटी सून जात नाही. जेवण तयार झालं की बैठकीच्या दाराआड उभं राहायचं आणि दाराची कडी वाजवायची. ते उठून येतात तोवर गठ्ठ्यांमागं व्हायचं. रोजचंच होतं.

बाबूलाल स्टुलावर चढला. "कुठी ठोकू, बाई?"

"ठोका कुठीबी," सुमती म्हणाली. "चुलीवर ठोका. पोळ्यायसंगं तिलेही शेकून काढू."

वच्छला खदखदून हसली. बाबूलालही हसला. सुमती हसली नाही. त्यानं खरंच चुलीवरच्या भिंतीत खिळे ठोकले.

बारा वाजून दहा मिनिटांनी घंटी अशी कडकडली की वच्छलाच्या हातातली पोळी राखेत पडली.

"आला वं आवाज! आला!"

सुमती केव्हाच धावत सुटली होती. अंगण. विहीर. गठ्ठे. दारापाशी पोचली आणि थांबली.

आत बाबनराव ओरडत होते. ट्रंककॉलवर ओरडावंच लागतं.

"हॅलो! केशव! हो, मीच! मजेत आहे ते... काय? क्वार्टर? इथं येवढं मोठं घर पडलं असून दोन खोल्यायमंधी कोंबून काहून राह्यतं गा?... तिले विचारू? तिले काय विचाराचं, ते तर रमली इथं!"

बैठकीत दुसरं कोणी नव्हतं. दारापासून फोनपर्यंत चार पावलं. सुमतीनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. हाताला कडी लागली. तिनं ती वाजवली. थांबली नाही, पुन्हा वाजवली. जोरजोरात आपटली.

"हो हो, आलोच!" बाबनराव दाराकडं तोंड करून ओरडले. मग फोनमध्ये, जरा मऊ आवाजात, "ठेवतो गा आता. तुई बायको जेवाले बोलावून राहिली. पाह्य, किती काळजी करते. क्वार्टरवाल्यायले नाही सांगून दे."

खट्.

ती गठ्ठ्यांमागं झाली. बाबनराव तिच्या बाजूनं गेले. नव्या लुगड्यांच्या खळीचा वास नाकात गच्च बसला होता. ते ओसरीवर पाटावर बसल्याचा आवाज आला, तेव्हा ती पदर ओढून घराच्या कडेच्या बोळातून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली.

वच्छला ताट वाढत होती. तिनं सुमतीच्या तोंडाकडं पाहिलं आणि वरणाची वाटी हातातच धरून राहिली.

बाबूलाल उरलेली वायर गुंडाळत होता. "बाई, आवाज बराबर येऊन राहिला ना?"

"येऊन राहिला," सुमती म्हणाली. "जाऊन नाही राहिला."

बाबूलालनं घंटीकडं पाहिलं. मग पेचकस घेऊन तो परत स्टुलावर चढला आणि तिचा स्क्रू आवळू लागला.