सातवा प्रश्न

धम्मपालनं प्रश्न घरूनच लिहून आणले होते. वकिलासमोर तोंडाला कोरड पडते आणि निम्मं विसरायला होतं, म्हणून ज्योत्स्नानंच वहीचं पान फाडून दिलं होतं. मंठ्यातलं फ्लेक्सचं दुकान दिवाळीनंतर बंद पडलं, छपाईचं मशीन फायनान्सवाल्यांनी उचलून नेलं, आणि आता नवरा-बायको जालन्याला, कोर्टासमोरच्या अर्पिता मॅडमच्या टेबलापुढं बसले होते. फेडायची ऐपत उरली नाही असं कोर्टाला लेखी सांगायचं होतं. नादारीचा अर्ज.

"जेल होते का?"

"खरं सांगितलं तर नाही."

"पेपरात नाव येतं?"

"येतं."

"मंग अख्ख्या तालुक्याला कळंल."

"तालुक्याला कधीच कळलंय, भाऊ. पुढचा विचारा."

"घरातले भांडेकुंडे?"

"ते राहतात. मंगळसूत्रालाही कोणी हात लावत नाही."

ज्योत्स्नाचा हात गळ्याशी गेला. तिथं आता काळी पोतच होती. सोनं आधीच मोडून झालं होतं. मॅडमनी पाहिलं आणि फाईल चाळायला घेतली.

सातव्या प्रश्नावर धम्मपालचं बोट थांबलं.

"हे एका वळखीच्या माणसाचं इचारून राह्यलो," तो म्हणाला. "त्यानं अर्जाच्या आधी घरच्या माणसाचं तेवढं फेडून टाकलं, तर चालतं का?"

अशी ओळखीची माणसं मॅडमकडं रोज दोन-तीन तरी येत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती? आणि कोणाचे?"

त्यानं वहीचं पान दुमडलं.

"सांगा की आता," ज्योत्स्ना म्हणाली, आणि मग स्वतःच सांगून मोकळी झाली. "ह्यांच्या बहिणीचे हायेत, मॅडम. नव्वद हजार. लेकीच्या लग्नाला ठेवल्ते, ते दुकानासाठी काढून दिले. ना कागद, ना काही. रविवारी लग्न हाये. काल आम्ही मोटरसायकल इकली, त्याचे चाळीस पर्समध्ये हायेत. इथून नीट तिच्याकडं बदनापूरलाच जाणार होतो."

"देऊ नका," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांना मागं ठेवून एकीचं गुपचूप फेडलं, तर कोर्ट ते तिच्याकडून परत मागू शकतं. लेक सासरी जाईल आणि मागोमाग आईच्या दारात नोटीस येईल. पैसे अर्जात दाखवा. तिचं नाव यादीत घाला. जे वाटप होईल त्यात तिचाही वाटा निघेल."

"किती निघंल?"

"रुपयाला पंधरा-वीस पैसे. तेही दोन-तीन वर्षांनी."

तेवढ्यात फोन वाजला. बहीण वंदनाच होती, आणि तिचा आवाज टेबलापलीकडं ऐकू जाईल एवढा मोठा.

"दादा, आचारी दारात बसून राह्यला. पैसे हातात पडल्याबिगर चुली मांडत न्हाई म्हणतो. निघाला का तू?"

"निघालोच," धम्मपाल म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. खोटं पटकन जमलं होतं. खरं कसं सांगायचं ते काही केल्या सुचेना. पैसे द्यावेत तर पुढं तिच्यामागं कोर्टाचं लचांड. न द्यावेत तर आज तिचा मांडव अडलेला. ज्योत्स्नानं पर्स त्याच्यापुढं सरकवली.

"बहीण तुमची हाये," ती म्हणाली. "तुम्हीच ठरवा."

त्यानं पर्सला हात लावला नाही. मग फोन उचलून त्यानं बहिणीला परत लावला.

"वंदे, खोटं बोललो. निघालो न्हाई. पैसे आणता येईना मला."

तिच्या मागं कुणीतरी हळदीचं ताट मागत होतं. मग फोन बंद झाला.

मॅडमनी यादी पुढं केली. टाईप केलेली दहा नावं होती. फायनान्स कंपनी सगळ्यात वर, मग बँक, मग फ्लेक्सचे रोल पुरवणारा. "अकरावं नाव तिचं लिहा. खाली जागा आहे."

"कोरा कागद देता का, मॅडम?"

त्यांनी दिला. धम्मपालनं वर एकचा आकडा घातला आणि त्यापुढं बहिणीचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग तो दोनवर फायनान्स कंपनी उतरवायला लागला.

"भाऊ, सगळी यादी कशाला परत लिहिता? क्रमानं काही फरक पडत नाही. कोर्टाला सगळे सारखेच."

"कोर्टाला न्हाई पडत," तो मान वर न करता म्हणाला. "आमच्यात पडतो."