दाणेदार फोटो

सलग तीन लग्नांचे फोटो काढून थकलेला निरंजन घरी न जाता थेट हॉस्पिटलात आला. बहीण मृणाल सिझेरियननंतर वरच्या मजल्यावर पडून होती. सातव्या महिन्यातच जन्मलेलं तिचं बाळ खाली काचेच्या पेटीत होतं. तिने त्याला अजून पाहिलं नव्हतं.

"फ्लॅश नको," सिस्टर म्हणाली. "दिवेसुद्धा आम्ही मंदच ठेवतो." तेवढ्या उजेडात दिसावं म्हणून त्याने कॅमेऱ्याचा आयएसओ टोकापर्यंत चढवला. फोटो आला, पण बाळावर वाळू सांडल्यासारखा रवाळ. जिन्यात बसून, मिटत चाललेल्या डोळ्यांनी त्याने लॅपटॉपवर सगळे दाणे पुसले. चेहरा तुकतुकीत झाला.

मृणालने तो बराच वेळ पाहिला. "दादा, हे कुठलंही बाळ असू शकेल रे."

त्याने खजील होऊन मूळ फोटो पुढे केला. "उजेडच नव्हता गं."

दाण्यांमधून तिला कपाळावरची लव सापडली, मग एक वाकडी भुवई. ती हळूच म्हणाली, "हा माझा."

चौथ्या दिवशी त्याने तिला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. तिथे अकरा पेट्या होत्या. सिस्टरने बोट दाखवायच्या आधीच मृणालने एका पेटीसमोर खुर्ची थांबवायला लावली.