रद्द करता येईल अशी खोली

“गरम पाणी आहे का, असं विचारायचंच नाही. हो म्हणतात आणि मोकळे होतात,” बाबा फोनवर सांगत होते. “किती वाजता येतं, असं विचारायचं. जो अडखळला त्याच्याकडे पाणी नाही, समजायचं.”

तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या कडेला ठेवला होता. पुढ्यात सहावीच्या भूगोलाची प्रुफं होती. छापखान्यात ती मुद्रितशोधक होती, आणि दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन ठरलेला.

बाबांनी चाळीस वर्षं कारखान्यातला बॉयलर सांभाळला होता. निवृत्त झाले आणि एकच ध्यास घेऊन बसले: थंडी बघायची. पार उत्तरेला, जिथे रस्ता संपतो आणि वर्षातून चार महिनेच गाडी जाते, त्या गावात आठ दिवस राहायचं. लेकीला घेऊन. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. तिकडे हॉटेल कसं ठरवावं याचे नियम. फोटोंवर जाऊ नये, ते नवीन रंग दिल्यावर काढलेले असतात. फोन थेट मालकाला करावा. पाणी विजेवर तापतं की लाकडांवर, ते विचारावं. तिकडे वीज म्हणजे रुसलेला जावई. खोली बॉयलरच्या भिंतीला लागून मागावी, मग खिडकी कुठेही उघडो.

जायचा पत्ता नाही आणि नियम मात्र तेवीस. बाजारात तुरी, असं ती मनात म्हणे.

“आणि उशाशी दिवा आहे का, हे विचारायचं. छताला असतो तो कामाचा नाही.”

मथळ्यांपलीकडे वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला उशाशी दिवा कशाला हवा? तिने विचारलं नाही. नुसतं “हं” म्हणाली. हे सलग आठ दिवस ऐकायचं, या कल्पनेनेच तिची ओळ चुकली आणि तिला ती पुन्हा वाचावी लागली.

“पंचवीस तारखेला रस्ता खुलतोय,” बाबा म्हणाले. “रजेचं काय झालं?”

“साहेब नाही म्हणाले, बाबा. शाळा उघडायच्या आत पुस्तकं जायला हवीत.”

हे पाचवं वर्ष. बाबा साहेबांवर कधी चिडले नाहीत. त्यांचाही बॉयलर तापलेला असणार, एवढंच म्हणाले. मग नेहमीसारखं म्हणाले, “बरं शुद्धलेखनबाई, मी रजा घेतो. तुला मिळाली की कळव.”

शुक्रवारी सकाळी ते गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. चहा अर्धा प्यायलेला होता, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं.

साहेब स्वतः भेटायला आले. हवे तेवढे दिवस घ्या म्हणाले, अर्जाचं मागाहून बघू. चप्पल घालताना दारात उगाचच थोडा वेळ थांबले.

तीन आठवड्यांनी ती बाबांची खोली आवरायला बसली. कपाटात वरच वही होती. पहिला नियम दोनदा अधोरेखित केलेला. ‘आदल्या दिवसापर्यंत रद करता येईल अशीच खोली घ्यावी.’ त्यातल्या ‘रद’वर तिची लाल पेन्सिल फिरलेली होती. दुसऱ्या वर्षी सुट्टीच्या दिवशी इथेच बसून तिने ‘रद्द’ करून दिलं होतं, आणि बाबा केवढे हसले होते. प्रुफं वाचताना अर्थात शिरायचं नसतं. अर्थात शिरलं की चुका निसटतात. हा नियमही तिने तसाच वाचला होता. बाबांचा चिक्कूपणा, दुसरं काय.

शेवटच्या पानावर एक फोन नंबर होता, आणि पुढे तारीख. उद्याची.

म्हणजे बाबांनी खोली खरोखरच घेतली होती. रद्द करायला आजचाच दिवस होता. तिने फोन लावला.

एका बाईंनी उचलला. हॉटेल त्यांचंच होतं. तिने बाबांचं नाव सांगितलं, त्यांची मुलगी बोलतेय म्हणाली. पुढचं बोलायला तिला सवडच मिळाली नाही.

“म्हणजे यंदा मिळाली रजा,” बाई म्हणाल्या.

त्या बोलतच राहिल्या. बाबा दर वर्षी खोली घ्यायचे, बॉयलरजवळची, दोन खाटांची. दर वर्षी आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पोरीला रजा नाही मिळाली हो, म्हणायचे, आणि तिच्या साहेबांच्या वतीने माफी मागायचे. आधी रद्द का करत नाही, असं बाईंनी एकदा विचारलंही होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा साहेबांचं मन पालटतं, मी कारखान्यात पाहिलंय, असं म्हणाले होते. यंदा उशाशी दिवाही बसवून घेतला होता. मुलगी वाचल्याशिवाय झोपत नाही, म्हणून.

“बाबांना द्या ना जरा,” बाई म्हणाल्या. “पाणी सहाला येतं म्हणून सांगते.”

तिने सांगितलं.

“अरे देवा,” बाई म्हणाल्या. मग बाईंनी हळू आवाजात विचारलं, “आणि ते तुमचे साहेब? त्यांना आता तरी काही वाटलं का हो?”

तिचं बोट वहीतल्या लाल खुणेवर होतं.

“साहेबांचा काही दोष नाही,” ती म्हणाली. “मी त्यांच्याकडे रजा कधी मागितलीच नव्हती.”