मागची सीट

लग्नानंतर फिरायचं तर होतं, पण हॉटेल परवडणारं नव्हतं. म्हणून प्रफुल आणि रिना भावाची मोटारसायकल मागून माजरीहून एटापल्लीला, मावशीकडे निघाले.

जंगलात हापशीवर पाणी पिऊन परतले, तर भर उन्हात सीट तव्यासारखी तापलेली. रिनाची मागची जागा तेवढी गारेगार, जणू इतका वेळ तिथं कुणी बसून होतं.

पुढच्या थांब्यावरही तेच.

"काऊन भेऊन राह्यली?" प्रफुल हसला.

आलापल्लीजवळ मात्र अख्ख्या सीटचा चटका बसला. 'गेलं एकदाचं,' असं मनात म्हणत रिना मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसली.

गाडी निघाली. प्रफुल मागं न बघता म्हणाला, "रिना, खांद्यावरचे हात काढ न. बरफावानी लागून राह्यले."