सर्ज्याची फर्माइश

मारोतरावांचं बोट 'काढून टाका' या अक्षरांवर जाऊन थांबलं. एकदा दाबलं की दादाजी ग्रुपच्या बाहेर. पण नाकाडोंगरीच्या शाळेत ज्याच्याशी भांडून पाट्या फोडल्या आणि ज्याच्याच डब्यातलं खाल्लं, त्या मित्राला न सांगता काढायचं कसं? आधी फोन करू, मग बटण दाबू, असं त्यांनी ठरवलं.

ग्रुपचं नाव 'जुनी गाणी'. तुमसरपासून साकोलीपर्यंतचे सव्वाशे कानसेन त्यात जमले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर भंडाऱ्याचं घर मारोतरावांना खायला उठलं, तेव्हा त्यांनीच तो सुरू केला होता. नियम एकच. गाण्याशिवाय काही टाकायचं नाही. गुड मॉर्निंग नाही, वाढदिवस नाही, कोणाच्या घरचं बरंवाईट नाही.

आणि दादाजी रोज सकाळी आपल्या आवाजात गावचं वर्तमान टाकायचा. परसरामच्या म्हशीनं वगार दिली. बायजाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता तिला सुनेच्या चुका आणखी स्पष्ट दिसतात. तळं काठोकाठ भरलं. गाण्याचा पत्ताच नाही. मारोतरावांनी समजावलं, दटावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढून दिला. त्यात माणसं दोनच, दादाजी आणि ते स्वतः. इथं मी भिंतीशी बोलू का, असं दादाजीनं एकदाच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोठ्या ग्रुपवर हजर झाला.

शेवटी साकोलीचा सचिन अडून बसला. वय जेमतेम तिशीचं, पण जुन्या रेकॉर्डींचा त्याच्याइतका साठा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. ग्रुपवरची निम्मी गाणी त्याचीच. नियमाला तर तो मारोतरावांहून कडक. भीड भिकेची बहीण असते, काका, असं त्यानं सरळ लिहिलं. ग्रुपवर एक तर दादाजी राहतील, नाहीतर मी. सचिन गेला तर ग्रुप मुका होणार, हे मारोतरावांना कळत होतं. एका म्हाताऱ्या मित्रापायी सव्वाशे लोकांची गाणी घालवायची का? दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

त्यांनी फोन लावला. सांगायचं ते घाईघाईनं सांगून टाकलं. दादाजी भांडला नाही, रुसलाही नाही.

"काढ ना बाप्पा मले," तो म्हणाला. "पन एक सांग. सर्ज्याचं नाव रेडिओवर आलं, तवा गानं कोनतं लागलं होतं?"

मारोतरावांना हसू आलं. हे काय विचारणं झालं? गाण्याचे पहिले सूर कानावर पडताच ते गायक, संगीतकार आणि साल सांगत. उत्तर देण्याआधी त्यांनी ती दुपार डोळ्यांपुढे आणली.

त्या काळी रेडिओवर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. गाण्याआधी मागणी करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात. नाकाडोंगरी काही त्यात येत नव्हती. मग सतरा वर्षांच्या या दोघांनी चाळीस पोस्टकार्डं लिहिली, कार्डागणिक वेगळं अक्षर काढून. माणसांची नावं कमी पडली म्हणून परसरामच्या सर्ज्या बैलालाही श्रोता केलं. आणि एका दुपारी भैय्याजीच्या किराणा दुकानातल्या रेडिओवर निवेदिका गोड आवाजात म्हणाली, नाकाडोंगरीहून मारोत, दादाजी, परसराम, बायजा आणि सर्ज्या.

मारोतरावांना सगळं जसंच्या तसं दिसत होतं. दादाजी एका पायात चप्पल घालून पळत सुटला होता. बायजानं पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावरून उतरवून रस्त्यातच ठेवला होता. भैय्याजी तर दुकान उघडं टाकून धावला. अर्धं गाव गोठ्यापाशी जमलं, सर्ज्याला गूळ चारला, आणि आपण रेडिओवर गाजलो याची खबर नसलेला तो बैल निवांत रवंथ करत राहिला. तसा आनंद पुढे नोकरी लागली तेव्हाही झाला नाही, लग्नातही नाही. आठवून मारोतरावांचे डोळे भरून आले. पण गाणं काही आठवेना.

"नाही आठवत," ते म्हणाले.

"आठवनच कसं? ते आयकाले दुकानात होतं कोन?"

मारोतरावांनी फोन ठेवला. चष्मा पुसला. ग्रुप उघडला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं की आजपासून नियम बदलला आहे. गाण्याआधी ज्यानं त्यानं आपलं गाव, नाव आणि घरची खबर सांगायची. त्याशिवाय गाणं लागणार नाही. दादाजी इथंच राहतील. ज्याला हे पटत नसेल, त्याच्यावर जबरदस्ती नाही.

 सचिन काहीतरी टाइप करत असल्याचं दिसे, थांबे, पुन्हा दिसे. गेला हा पोरगा आपल्या रेकॉर्डी घेऊन, असं म्हणत मारोतरावांनी मन घट्ट केलं. फोन वाजला. ग्रुपवर सचिनचाच निरोप होता.

"साकोलीहून सचिन. मले मुलगी झाली, आज पाचवा दिवस. इथं सांगता येत नव्हतं म्हणून चूप होतो. नाव अजून ठेवाचं हाय."