द्राक्षांच्या गावाला नकार

भानुदासने अनिकाच्या हातातून बाटली घेतली आणि सरळ सिंकमध्ये रिकामी केली. नळ सोडला, खिडकी उघडली. अमेरिकेतल्या नेपरव्हिलची बोचरी हवा आत आली आणि तो उग्र वास बाहेर गेला.

"बाबा! आपण जाणार आहोत त्याच गावची वाइन होती ती. गिफ्ट होतं!"

"माझ्या घरात नको."

आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होत होती. एकुलत्या एका लेकीने त्यांना फ्रान्सला न्यायचं ठरवलं होतं. आठशे वर्षांचं गाव. भोवती तट, तटाला बिलगलेल्या द्राक्षवेली, घराघराखाली पिंपांची तळघरं. लग्नाआधी अनिकाची आई प्रतिमा पुण्यात फ्रेंच शिकवायची. तिच्या पुस्तकात त्या गावच्या वेशीचं चित्र होतं. अनिकाला झोपवताना ती त्या वेशीवर ओव्या रचायची. वेशीतून आत जायचं मात्र राहूनच गेलं.

"पिऊ नका ना. नुसतं बघा," अनिका म्हणाली. "घरोघरी टेस्टिंग असतं, तुम्ही ज्यूस घ्या."

"मी येणार नाही. आणि हीसुद्धा येणार नाही."

"आईचं तुम्ही कोण ठरवणार? दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या पिकनिकला तुम्हीच बिअर घेऊन बसला होतात. आता एकदम संत?"

"आता एकदम संत. आरती करायची तर कर."

अनिकाला हसू आलं नाही. "आई, तू बोल ना. तुला जायचंय की नाही?"

प्रतिमाने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. "जायचंय गं. पण यांचा स्वभाव तुला माहीत आहे."

"तेच तर! आयुष्यभर यांचा स्वभाव!" अनिकाने कोट चढवला. "बाबा, लास्ट टाइम विचारते. आईचं एवढं एक स्वप्न मोडणार असाल, तर मी या घरात परत येणार नाही. आय मीन इट."

भानुदासने लेकीकडे डोळे भरून पाहिलं. वाटलं, आता हा माणूस विरघळेल.

"गाडी हळू चालव," तो म्हणाला. "रस्त्यावर बर्फ आहे."

दार आपटलं. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळला आणि विरला.

"बोलावू का तिला परत?" प्रतिमाने विचारलं.

"नको. मलाच शिव्या घालतेय ना, घालू दे. चल, उशीर होतोय."

दहा मिनिटांनी दोघं चर्चच्या मागच्या खोलीत पोचली. गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर दहाबारा माणसं कागदी पेल्यांतून कॉफी पीत होती. भानुदासने बायकोचा कोट आपल्या मांडीवर घेतला. तिची पाळी आली, तशी ती उठून उभी राहिली.

"मी प्रतिमा," ती म्हणाली. "दारू सोडून आज मला एकेचाळीस दिवस झाले."